व्यवसाय कर, महाराष्ट्रातील

व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांपासून होणाऱ्या प्राप्तीबद्दल राज्य शासनाने बसविलेला प्रत्यक्ष कर. नोकरदारांच्या बाबतीत त्याची वसुली मालकामार्फत, वेतनातून कपात करून होते. त्यामुळे लहान कारखानदार वा दुकानदारही शासनाच्या वतीने कर गोळा करणारा घटक ठरतो.

शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय आहे. तथापि संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने राज्यांना व स्थानिक संस्थांना असा कर बसविण्याची मुभा दिली. त्याची कमाल मर्यादा प्रथम दरसाल २५० रु. होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रु. झाली.

महाराष्ट्रात या कराचा उगम दुष्काळाशी निगडित आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात त्याच तत्त्वावरील कामांनी लक्षावधी मजुरांना आधार दिला. मागेल त्याला काम देण्याची हमी म्हणजे खर्चाची अनिश्चित जबाबदारी होय. तीसाठी उत्पन्नाचे स्थिर साधन हवे होते. म्हणून महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५ हा १ एप्रिल १९७५ पासून अंमलात आला. नियमित वेतन मिळविणाऱ्याने कामाविना असलेल्या ग्रामीण मजुराचा भार अंशत: उचलावा, हे त्यामागील तत्त्व. १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने स्वतंत्र निधी निर्माण झाला व कराच्या उत्पन्नाइतकीच भर राज्याने त्यात घालावी, असे ठरले.

अधिनियमानुसार मालकाला दोन वेगळ्या जबाबदाऱ्या असतात : स्वत:च्या व्यवसायाबद्दल नावनोंदणी करून कर भरणे आणि करपात्र नोकर असल्यास मालक म्हणून नोंदणी करून त्यांचा कर कापून भरणे. कपात करण्यात कसूर झाली, तरी ती रक्कम भरण्याचे दायित्व मालकावरच राहते. विलंबाबद्दल व्याज व शास्तीचीही तरतूद आहे.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात या नियमांना विशेष अर्थ प्राप्त होतो. काजू प्रक्रिया, आंब्याचा रस डबाबंद करणे, मासळी यांसारखे तेथील धंदे बव्हंशी लहान व हंगामी आहेत. कर दरमहाच्या वेतनावर ठरत असल्याने हंगामात जादा काम करणारा मजूर एका महिन्यात करपात्र, तर दुसऱ्या महिन्यात करमुक्त ठरू शकतो. म्हणून वेतनपत्रक प्रतिमास तपासावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून महिलांना मासिक २५,००० रु. वेतनापर्यंत हा कर माफ झाला. काजूगर सोलण्याच्या कामात स्त्रियांचा भरणा मोठा असल्याने ही सूट तेथे महत्त्वाची ठरते. कापडगिरण्यांतील बदली कामगारांनाही अधिनियमाने वगळले. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कोकणी कुटुंबांच्या दृष्टीने ही तरतूद दिलाशाची होती.

रोजगार हमीची प्रारंभीची कामे—पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते—मुख्यत: अवर्षणप्रवण पठारी भागास अनुकूल होती. १९९०-९१ पासून योजनेशी फळबाग लागवड जोडण्यात आली आणि कोकणच्या वरकस जमिनीवर आंबा व काजूच्या बागा उभ्या राहिल्या. वेतनातून कापलेला पैसा अशा रीतीने त्याच उद्योगांच्या कच्च्या मालाच्या लागवडीस उपयोगी पडला.

२००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमानंतर शंभर दिवसांपर्यंतच्या अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला. व्यवसाय कर मात्र चालू राहिला. २,५०० रु. ची मर्यादा १९८८ नंतर वाढलेली नाही. परिणामी दरमहा दहा हजारांहून थोडे अधिक मिळविणारा पुरुष कामगार आणि लाखांत वेतन घेणारा अधिकारी सारखाच कर भरतात. सधनाने अधिक भार उचलावा, हे मूळ तत्त्व त्यामुळे क्षीण झाले आहे.