सेट

सेट : इंग्रजीतील एक रोजच्या वापराचा शब्द. क्रियापद, नाम आणि विशेषण अशा तिन्ही नात्यांनी तो येतो. क्रियापदाची वर्तमानकाळाची आणि भूतकाळाची रूपे सारखीच. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या वीस खंडांच्या आवृत्तीत एकट्या ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदवले होते आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. मराठीत एवढ्या शब्दांत एक छोटी कादंबरी होते.

व्युत्पत्ती पाहिली की हा पसारा भीतीदायक वाटत नाही. क्रियापद प्राचीन इंग्रजीतील ‘सेट्टन’वरून आले. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. मूळ धातू इंडो-युरोपीय. संस्कृतातील ‘सद्’ हा त्याचाच भाऊ. त्यामुळे संसद, परिषद आणि उपनिषद हे शब्द ‘सेट’चे दूरचे नातलग ठरतात. समूह या अर्थाचे नाम मात्र वेगळ्या वाटेने आले. लॅटिन ‘सेक्टा’ म्हणजे मागे चालणाऱ्यांचा मेळा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ही तिथलाच, आणि संस्कृत ‘सचिव’ही ‘सेक्टा’च्याच मूळ धातूच्या कुळातला. उच्चार एक झाल्याने दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले आणि अर्थांची गर्दी वाढली.

मराठी वाचकाजवळ या शब्दाची किल्ली आधीपासूनच आहे : ‘बसवणे’. सोनार कोंदणात खडा बसवतो, हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो, घडी बसवली जाते. इंग्रजी या प्रत्येक ठिकाणी ‘सेट’ म्हणते. खडा बसवण्याचे काम जवळून पाहिले तर शब्दाचा गाभा दिसतो : खडा जागेवर ठेवून सोन्याची कड त्याच्यावर सगळीकडून दाबत आणायची, की तो हलायचा थांबतो. ठरलेल्या जागी आणून हलेनासे करणे, हा तो गाभा. किंमत ठरवणे, तारीख नेमणे, घड्याळाचा गजर लावणे हे सगळे त्यातच येते. सूर्य मावळतो त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद. सूर्य खाली टेकतो, अशी त्यामागची कल्पना.

द्रवाने आकार धरणे हा अर्थ बांधकामात फार महत्त्वाचा आहे. सिमेंटमध्ये पाणी पडले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि थोड्या वेळाने लगद्याचा लवचिकपणा जातो. ‘माल सेट व्हायच्या आत वापरा’ असे गवंडी म्हणतो ते यामुळेच. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी भारतीय मानक सांगते की सेट होण्याची सुरुवात ३० मिनिटांच्या आत होऊ नये आणि शेवट ६०० मिनिटांपलीकडे जाऊ नये. वेळ हाताशी राहावी म्हणून कारखान्यात जिप्सम मिसळतात. सेट झालेले काँक्रीट अजून मजबूत झालेले नसते. त्याची ताकद पुढचे कित्येक दिवस वाढत राहते, आणि म्हणूनच पाणी मारत राहावे लागते. दह्याच्या बाबतीत मात्र मराठीला उसना शब्द लागत नाही. दही लागते.

नामाचे अर्थ मराठीत थेट आले आहेत : कपबश्यांचा सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, व्यायामशाळेतला सेट. गणितात आपण ‘संच’ म्हणतो, आणि हा शब्द उत्तम बसला आहे. नाटक-चित्रपटाच्या सेटला महाराष्ट्राचा खास इतिहास आहे : कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव, खोली असलेले सेट उभारले. खेळपट्टीवर स्थिरावलेल्या फलंदाजाला ‘सेट झालेला’ म्हणतात, तिथे पुन्हा बसण्याचा मूळ अर्थ डोकावतो. ‘सेट-नेट’मधला सेट मात्र हा शब्द नव्हे, ते राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे.

अनुवादात या शब्दाने फार माणसे फसतात, कारण एकच मराठी प्रतिशब्द सगळीकडे चालवण्याचा मोह होतो. सापळा लावतात, पाने मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात, कवितेला चाल लावतात, शिडे उभारतात. इंग्रजीत सगळीकडे ‘सेट’. ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ अशी शेपटे जोडली की अर्थ आणखी पालटतो : उभारणे, निघणे, मांडणी करणे, पाऊस लागणे. अशा वेळी क्रियापदाकडे न पाहता त्याच्या कर्माकडे पाहावे आणि त्या वस्तूबाबत मराठी माणूस काय म्हणतो ते लिहावे. ‘टेबल सेट करणे’ ऐकू येते खरे, पण ‘पाने घेतली का?’ हे वाक्य अजून जिवंत आहे आणि ते वापरावे.

ऑक्सफर्डच्या कोशातला सर्वांत लांब नोंदीचा मान आता ‘सेट’कडे नाही. नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले आणि ‘सेट’ मागे पडला.