हुंडणावळ : परदेशी देणे चुकते करण्याच्या खर्चाचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
भिवंडीच्या कामतघरात, वऱ्हाळा तलावाच्या परिसरात फिरताना यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. येथे विणकामाची मजुरी पिकामागे, म्हणजे इंचातील आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, पैशांत ठरते. जेथे कमाई पैशांत मोजली जाते, तेथे परदेशातून मागाचे सुटे भाग मागवताना काही हजार रुपये नकळत गळतात. ही गळती कोठे होते आणि ती किती जुनी आहे, हे आजच्या धाग्यात पाहू.

२/
प्रथम हिशेब. समजा, येथील एका लहान कारखानदाराला रॅपिअर मागाच्या सुट्या भागांसाठी २०,००० डॉलर पाठवायचे आहेत. बँकेचे शुल्क पावतीवर दिसते. परंतु बाजारातील दरापेक्षा बँकेने डॉलर ६० पैशांनी महाग दिला, तर १२,००० रुपये गेले. ते मात्र कोणत्याही पावतीवर नसतात. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने २५ डॉलर कापले, तर पुरवठादाराला १९,९७५ डॉलरच पोहोचतात आणि उरलेल्या रकमेसाठी माल अडू शकतो.

३/
म्हणजे खर्च तीन प्रकारचा : उघड शुल्क, मध्यस्थाची कपात आणि दरातील फरक. तिसऱ्या खर्चासाठी मराठीत फार जुना शब्द आहे : हुंडणावळ. हुंडीचा व्यवहार करताना द्यावी लागणारी रक्कम, असा त्याचा मूळ अर्थ. पुढे दोन चलनांच्या विनिमय दरालाही हुंडणावळीचा दर म्हटले गेले. या शब्दाचा माग काढला की व्यापाराचा निराळाच इतिहास हाती लागतो.

४/
सुरुवात नाशिकच्या पांडवलेण्यांतून करू. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर शेकडा पाऊण व्याज ठरले. त्याच लेखात पुढे ७०,००० कार्षापणांच्या दानाचा उल्लेख असून, ३५ कार्षापणांस १ सुवर्ण या दराने त्याचे मोल २,००० सुवर्ण सांगितले आहे.

५/
या लेखातील एक तपशील विसरू नये. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे नोंदवला, असे लेखच सांगतो. व्याजाचा दर उघड, चांदीच्या नाण्याचा सोन्याच्या नाण्याशी असलेला दरही उघड, आणि दोन्ही दगडावर कोरलेले. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील विणकरांच्या व्यवहारात विनिमयाचा भाव चारचौघांसमोर मांडलेला होता.

६/
साधारण त्याच काळात समुद्रमार्गे काय चालले होते? ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भिवंडीशेजारच्या कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तेथील व्यापारात अडथळे आले असून ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे त्याचा कर्ता लिहितो. भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत त्याने सोन्याचांदीची रोमन नाणीही धरली आहेत, कारण स्थानिक नाण्यांशी त्यांचा बदल केला की नफा होतो. विनिमयातील नफा त्या काळीही माहितगारालाच मिळत असे.

७/
आता पेशवाईत येऊ. पुण्यात अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, शिवाय सुरती, अर्काटी असे अनेक रुपये बाजारात फिरत. चांदीचा कस आणि नाण्याची झीज पाहून सराफ त्यावर बट्टा आकारत. दूरच्या गावी रक्कम पोहोचवायची तर हुंडी घ्यावी लागे. हुंडणावळ ठरे ती अंतर, वाटेतील धोका आणि त्या पेठेतील पैशांची चणचण यांवरून.

८/
हुंडीची व्यवस्था अतिशय विचारपूर्वक घडवलेली होती. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळणारी ती मुदती. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यावे लागत. म्हणजे रक्कम पाठवणे आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदावर होत. हा विश्वास स्वस्त नव्हता, पण हुंडणावळीच्या बदल्यात व्यापाऱ्याच्या पदरात काहीतरी पडत होते.

९/
१८३५ मध्ये कंपनी सरकारने एकच रुपया प्रमाण मानला आणि देशांतर्गत बट्ट्याचा पाया ढासळू लागला. परदेशी देण्यासमोर मात्र नवे संकट उभे राहिले. रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा. १८७३ नंतर चांदी घसरत गेली. सुमारे २ शिलिंगांचा, म्हणजे २४ पेन्सांचा रुपया १८९२-९३ पर्यंत सुमारे १५ पेन्सांवर आला. इंग्लंडहून यंत्रे मागवणाऱ्याला तेच पौंड विकत घेण्यासाठी दीडपटीहून अधिक रुपये मोजावे लागू लागले.

१०/
१८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीसाठी बंद केल्या आणि काही वर्षांत रुपया १६ पेन्सांवर स्थिर केला. या साऱ्या व्यवस्थेची कठोर चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात केली. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. १९२७ मध्ये दर १८ पेन्स ठरला. तो आयातदाराला सोयीचा होता, पण मुंबईच्या गिरणीमालकांना नको होता. एका दराने एकाचे घर भरते आणि दुसऱ्याचे रिते होते, हे त्या वादाने उघड केले.

११/
दर सरकारने ठरवला तरी रक्कम पाठवण्याची वाट परकीय विनिमय बँकांच्या हाती होती : चार्टर्ड बँक, नॅशनल बँक ऑफ इंडिया, हाँगकाँग अँड शांघाय बँक. १९३१ च्या मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीपुढे भारतीय व्यापाऱ्यांनी या बँकांविषयी तक्रारी मांडल्या. १९३९ मध्ये युद्धामुळे विनिमय नियंत्रण आले, आणि १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याने ते अधिक कडक झाले. परकीय चलन दुर्मीळ होते; त्यामुळे डॉलर मिळेल का, हा प्रश्न त्याच्या भावाआधी येई.

१२/
याच काळात भिवंडी हातमागाकडून यंत्रमागाकडे वळली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि विणकामाचा मोठा भार येथे सरकला. पुढे १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोपवला गेला. १९९९ मध्ये तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली आणि आधुनिक मागांसाठी कर्जाची वाट खुली झाली. जून २००० पासून ‘फेरा’ची जागा ‘फेमा’ने घेतली. लहान कारखानदाराला परदेशी यंत्राचे पैसे सरळ बँकेतून पाठवता येऊ लागले. डॉलर मिळू लागला, पण त्याचा खरा भाव त्याला दिसत नव्हता.

१३/
दोष कोठे आहे, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१७ मध्ये मांडले : किरकोळ ग्राहकाला मिळणारा विनिमय दर स्पर्धात्मक नसतो आणि पारदर्शकही नसतो. मोठी कंपनी चार बँकांना भाव विचारते. लहान कारखानदार आपल्या शाखेत सांगितलेला भाव मान्य करतो. यावर उपाय म्हणून ५ ऑगस्ट २०१९ रोजी क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे ‘एफएक्स-रिटेल’ व्यासपीठ सुरू झाले. बँकेमार्फत नोंदणी केलेला ग्राहक तेथे बाजारातील दराने डॉलर घेऊ शकतो आणि बँकेने आपले ठरावीक शुल्क आधी जाहीर करायचे असते. निगमसभेत भाव जाहीर करण्याचीच ही रीत, आता पडद्यावर आलेली.

१४/
तरीही काम पुरे झालेले नाही. हे व्यासपीठ सुरू झाले ते डॉलर-रुपयापुरते, आणि वाटेतील मध्यस्थ बँकेची कपात त्याने थांबत नाही. जुलै २०२२ पासून रुपयात बीजक करून आयात-निर्यातीचे देणे चुकवण्याची वाट रिझर्व्ह बँकेने खुली केली. पण त्यासाठी पुरवठादाराला रुपया हवा असावा लागतो. परदेशी किरकोळ देण्यांचा सरासरी खर्च २०२७ अखेर १ टक्क्याच्या आत आणावा, हे जी-२० देशांचे उद्दिष्ट आहे. २०,००० डॉलरच्या आपल्या उदाहरणात १ टक्का म्हणजे २०० डॉलर. पिकामागे पैसे मोजणाऱ्याला तीही रक्कम मोठीच.

१५/
खर्च असह्य झाला की माणूस आडवाट धरतो. हवाल्याचा मोह येथूनच जन्मतो. तो ‘फेमा’चा भंग आहे, शिवाय त्या वाटेने गेलेल्या पैशाची पावती नाही, माल आला नाही तर दाद मागायला जागाही नाही. एके काळी हुंडीला जो विश्वास होता, तो पेढीच्या नावाचा आणि पेठेतील पतीचा होता. चोरवाटेवर त्यातले काहीच उरत नाही.

१६/
म्हणून कामतघरातल्या कारखानदाराने बँकेत तीन प्रश्न विचारावेत : या क्षणी बाजारातील दर काय आणि तुमचा फरक किती पैशांचा? मध्यस्थ बँकेचे शुल्क कोण भरणार? एफएक्स-रिटेलवर व्यवहार करून द्याल का आणि त्याचे ठरावीक शुल्क किती? हे तीन प्रश्न विचारायला खर्च काहीच येत नाही.

१७/
दोन हजार वर्षांत नाणी बदलली, सराफाच्या जागी बँक आली, हुंडीच्या जागी संगणकाचा संदेश आला. ज्याला भाव दिसतो तो कमी देतो आणि ज्याला दिसत नाही तो अधिक देतो, एवढे मात्र तसेच राहिले. उषवदाताने भाव दगडावर कोरला, त्याचे महत्त्व आज अधिक कळते.

मित्रहो, आपल्या घरच्या जुन्या चोपड्यांत ‘बट्टा’ किंवा ‘हुंडणावळ’ हे शब्द आढळले, तर ते पान जपून ठेवा आणि येथे अवश्य सांगा.