हरिणांचे संख्यानियंत्रण (सागरेश्वर)

सांगली जिल्ह्यात कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या हद्दीवर असलेले सागरेश्वर अभयारण्य (10.87 चौ. किमी; घोषणा 1985) माणसाने उभारलेले आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर झाडे लागली, चितळ, सांबर व काळवीट सोडले गेले, भोवती कुंपण घातले गेले. या मांडणीत मोठा शिकारी प्राणी मात्र नव्हता. चितळाची वीण बाराही महिने चालते. मादी साधारण साडेसात महिन्यांनी बहुधा एक पाडस देते. खाणारे कोणी नाही आणि चराई तेवढीच, तेव्हा कळप वाढले आणि कुंपणाबाहेर पिकांत शिरू लागले. रात्रीत खुडलेल्या कोवळ्या पिकाची भरपाई पंचनाम्याने होत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्तच आहे.

अमेरिकेत परवानाधारक शिकारी दरसाल लाखो हरणे मारतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट जवळजवळ बंद आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर सांबर व काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत. दुसऱ्या अनुसूचीतील चितळ उभ्या पिकाला घातक ठरले, तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक मारण्याची परवानगी देऊ शकतात. अभयारण्यात मात्र ते सोपे नाही. दुसरा उपाय शिकारी प्राणी आणण्याचा. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 साली लांडगे सोडल्यावर एल्क जातीची हरणे घटली खरी, पण अस्वले, माणसाची शिकार आणि हवामान यांचाही त्यात वाटा होता. सगळे श्रेय लांडग्यांना देणे घाईचे ठरेल.

एवढ्याशा सागरेश्वरात वाघ नांदणे अशक्य. म्हणून महाराष्ट्राने उलटा मार्ग धरला: हरणेच वाघाच्या मुलखात न्यायची. येथील, तसेच पुण्याच्या कात्रज प्राणिसंग्रहालयातील चितळ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात (स्थापना 2010), चांदोलीच्या बंदिस्त कुरणांत, भक्ष्य वाढावे म्हणून सोडले जाऊ लागले. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातून तेथे वाघीणही आणली गेली.

चितळ पकडणे नाजूक काम आहे. घाबरून धावाधाव केलेला प्राणी नंतर दगावू शकतो. मध्य प्रदेशात रुळलेल्या बोमा पद्धतीत तोंडाशी रुंद व पुढे चिंचोळी होत जाणारी वाट कापडाने झाकतात. कळपाला बाहेरचे काही दिसत नाही, आणि तो आपसूक गाडीत चढतो. भूल द्यावी लागत नाही. रोगतपासणी मात्र टाळता येत नाही: जुलै 2025 मध्ये कात्रजला लाळ्या-खुरकुताने चितळ मेले.