अकरावीच्या रांगेची गोष्ट

१९७५ साली महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी झाली आणि अकरावीचा प्रवेश हा घरोघरीचा घोर बनला. मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेशाच्या खिडकीमागे बसून मी तो जवळून पाहिला. प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा, रांग वेगळी, गुणवत्ता यादी वेगळी. भर पावसात पालक गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत जपत माटुंग्याहून चर्चगेट गाठत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच. तो एका कॉलेजात जमा केला, की दुसरीकडची यादी लागेपर्यंत जीव टांगणीला. यादी फलकावर लागली, की मुलं काचेवरून बोट फिरवत आपलं नाव शोधत.

२००९ मध्ये मुंबई महानगरात प्रवेश ऑनलाइन झाले. एकच अर्ज, त्यात पसंतीक्रम आणि गुणांनुसार वाटप. २०२५ मध्ये ही पद्धत राज्यभर आली. रांगा गेल्या, पण धास्ती कट-ऑफच्या आकड्यांत जाऊन बसली.

मला मनापासून वाटतं, की ती कमी करता येते. दाखले निकालाआधीच काढून ठेवा. गेल्या वर्षीचे कट-ऑफ पाहून पसंतीक्रम लावा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, म्हणून पहिला क्रमांक मुलाशी बोलून ठरवा. २०२५ मध्ये राज्यातल्या एकूण जागा अर्जांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. चुरस मोजक्या नावाजलेल्या कॉलेजांसाठी असते. शिकायला जागा प्रत्येकाला आहे, हे मुलांना आधी सांगा.