जुनी 'रेंजर' पुन्हा रस्त्यावर आणायची आहे? काय जपायचं आणि काय बदलायचं

नव्वदच्या दशकात शाळेच्या स्टँडवर सरळ हँडलची, जाड टायरची सायकल दिसली की कंपनी कोणतीही असो, मुलं तिला 'रेंजर'च म्हणायची. हीरोच्या मॉडेलचं नाव या अख्ख्या प्रकाराला चिकटलं. डहाणूतल्या एखाद्या चिकूच्या वाडीत किंवा तलासरीतल्या घराच्या पडवीत अशी सायकल अजून धूळ खात उभी असेल, तर ती पुन्हा चालती करता येते. पण नवा रंग आणि नवे पार्ट म्हणजे रिस्टोरेशन नाही. जुन्या सायकलींचे शौकीन त्यासाठी 'पिरियड करेक्ट' हा शब्द वापरतात.

पिरियड करेक्ट म्हणजे काय?

सायकल ज्या काळात बनली, त्याच काळातले सुटे भाग तिला लावणं. म्हणूनच कोणती गोष्ट कधी आली, हे माहीत असावं लागतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सुसाट खाली आणायचे. तिथून माउंटन बाइक जन्माला आली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' आली आणि ही सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली. पुढच्या चाकाचा रॉकशॉक्स सस्पेन्शन १९८९ चा, तर शिमानोचे व्ही-ब्रेक १९९६ चे. त्यामुळे १९९० च्या सायकलला व्ही-ब्रेक लावले तर ती चालेल छान, पण पिरियड करेक्ट म्हणता येणार नाही.

सायकलचं वय कसं ओळखायचं?

शिमानोच्या त्या काळातल्या अनेक भागांवर दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'ए' म्हणजे १९७६, 'बी' म्हणजे १९७७, असं मोजत गेलं की 'एन' म्हणजे १९८९. दुसरं अक्षर 'एफ' असेल तर जून. गिअर नसलेल्या भारतीय सायकलवर कंपनीचा बिल्ला, स्टिकर आणि जुनं बिल यावरून अंदाज येतो. म्हणून घासायला घेण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

टायर घेताना फसगत कुठे होते?

'२६ चा टायर द्या' एवढंच सांगितलं तर चुकीचा टायर हातात पडू शकतो. २६ × २.१२५ हा जाड टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर २६ × १ ३/८ हा ५९० मिलिमीटरच्या. दोन्ही '२६ इंची', पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. टायरवरचा पूर्ण आकडा बघूनच खरेदी करावी.

किनाऱ्यावर गंजाचं काय?

डहाणूसारख्या समुद्रकाठच्या गावात खारी, दमट हवा लोखंड लवकर खाते. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासला की बराच निघतो. सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम लोखंडी असेल तर दोन धातूंच्या संपर्कामुळे दांडा आत घट्ट धरतो. तेव्हा हातोडा न मारता गंज सैल करणारं तेल सोडून रात्रभर थांबावं. मूळ रंग आणि स्टिकर शक्य तितके ठेवावेत. एकदा पॉलिश पेपर फिरला की ते परत येत नाहीत.

काय बदलायलाच हवं?

टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि ब्रेकच्या वायर. रबर वयानुसार कडक होतं आणि चिरतं. ते जुनंच ठेवण्याचा हट्ट जिवावर बेतू शकतो. लोखंडी रिमवर पावसात ब्रेक उशिरा लागतो, हेही लक्षात ठेवावं. चेन झिजली असेल तर बदलावी. बेअरिंगच्या गोळ्या काढून नवं ग्रीस भरावं. फ्रेमला जोडाजवळ तडा असेल तर ती सायकल फक्त शोभेची.

पार्ट कुठे मिळतील?

आधी गावातल्या जुन्या सायकल दुकानात विचारावं, न विकलेला माल माळ्यावर असू शकतो. त्यानंतर मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, म्हणजे जागतिक सायकल दिनीच बंद पडला. त्यामुळे अशा कंपन्यांचे मूळ भाग आता जपूनच वापरावे लागतात. जुन्या सायकली नीट जपल्या तर कशा दिसतात, हे पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात पाहता येतं.

शेवटी प्रश्न एकच, सायकल भिंतीला लावायची की चालवायची? चालवायची असेल तर नवे ब्रेक रबर लावावेत आणि काढलेले जुने भाग पिशवीत नाव लिहून ठेवावेत. पुढे कुणाला ती पूर्ण मूळ रूपात आणायची झाली, तर ती पिशवीच कामाला येईल.