भारतातील इंटरनेट : प्रारंभकाळ

भारतात इंटरनेटचा पाया प्रयोगशाळांत घातला गेला. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारायला घेतले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात सामील होते. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील या केंद्राचे श्रेय मोठे आहे : देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारा अर्नेटचा दुवा तेथूनच निघाला. साध्या टेलिफोन लाइनवर पाठवलेले ईमेल तेव्हा प्राध्यापक-संशोधकांपुरतेच होते.

सामान्यांसाठी दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम लिमिटेड या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सेवा सुरू केली.

पैसे मोजूनही चित्रे दिसतीलच असे नव्हते. स्वस्तातल्या ‘शेल’ खात्यावर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटत. चित्रांसह पाने पाहायची तर महागडे खाते घ्यावे लागे. मोडेमची किरकिर ऐकत वारंवार डायल करायचे, मध्येच लाइन तुटायची, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. टेलिफोनचे बिल वेगळेच. घरात फोन असणे हीच तेव्हा मोठी गोष्ट होती, त्यामुळे खेड्यापाड्यांना या सेवेचा लाभ जवळपास मिळालाच नाही.

एकाच सरकारी कंपनीच्या हाती सारे ठेवल्याने प्रसार रेंगाळला. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले.