कोरियन स्वयंपाकघराला लागणारा शेतमाल : चाकण-तळेगाव पट्ट्यासाठी ओळख

पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्याला कोरियन कंपन्या नव्या नाहीत. रांजणगावला एलजीचा कारखाना अनेक वर्षांपासून आहे. जनरल मोटर्सचा तळेगाव येथील कारखाना ह्युंदाईने घेतला व तो व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाला. या कंपन्यांमुळे येथे राहणारी कोरियन कुटुंबे आणि कोरियन उपाहारगृहे यांना लागणारा बराचसा शेतमाल खेड, मावळ व शिरूर तालुक्यांत पिकू शकतो. मात्र ही मागणी मर्यादित आहे आणि प्रतीबाबत काटेकोर आहे. म्हणून लागवडीआधी कोणता माल, कशासाठी व कसा लागतो हे समजून घ्यावे.

रोजचे जेवण

कोरियन जेवणात भात, एखादे सूप किंवा रस्सा आणि अनेक छोट्या तोंडीलावण्याच्या वाट्या असतात. त्यांत किमची जवळजवळ नेहमीच असते. हिवाळ्याआधी घरोघरी एकत्र येऊन किमची घालण्याच्या प्रथेला ‘किमजांग’ म्हणतात. दक्षिण कोरियातील या प्रथेचा २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला.

किमचीसाठी चायनीज कोबीचा गड्डा उभा चिरून काही तास मिठात ठेवतात. नंतर धुऊन, निथळून पानापानांत मिरची, लसूण, आले, मुळा, कांद्याची पात आणि बहुधा खारवलेली मासळी यांचे मिश्रण भरतात. आपल्या लोणच्याप्रमाणे यात तेल नसते. दह्याप्रमाणेच लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे ती आंबते.

कोणता माल, कोणती प्रत

- चायनीज कोबी : लांबट गड्डा, आतून पिवळसर पाने, पातळ शिरा. आपला गोल पानकोबी पानाने कडक असल्याने त्याची जागा घेत नाही.
- मुळा : कोरियन मुळा आखूड, जाड, घट्ट व वरच्या बाजूस हिरवट असतो. आपला लांब पांढरा मुळा चालवून घेतात. पण तो जाळीदार किंवा पोकळ नसावा.
- मिरची : बहुतेक बिया काढून केलेली, गडद लाल, जाडसर भरड. रंग महत्त्वाचा, तिखटपणा मध्यम. रंगाच्या दृष्टीने ब्याडगी त्यातल्या त्यात जवळची.
- लसूण, आले, कांद्याची पात : नेहमीचाच माल, पण ताजा व स्वच्छ. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा ओंकार व भीमा पर्पल हे लसणाचे वाण उपलब्ध आहेत.
- सोयाबीन : मोड आणून भाजीसाठी, तसेच आंबवून दोएनजांग व सोया सॉससाठी. मोडासाठी बीजप्रक्रिया केलेले बियाणे कधीही देऊ नये.
- तांदूळ : आखूड दाण्याचा चिकट भात लागतो. वडगाव मावळ येथील केंद्रातून आलेला इंद्रायणी थोडा चिकट असला तरी तो सुवासिक व वेगळ्या प्रकारचा आहे. आधी नमुना द्यावा.

या यादीत आपल्याकडच्या बहुतेक शेतकऱ्यांना खरोखर नवे पीक एकच आहे : चायनीज कोबी.

चायनीज कोबी : लागवडीचे मुद्दे

१. हंगाम : गड्डा भरण्यास १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. उन्हाळ्यात गड्डा सैल राहतो. सप्टेंबरमध्ये रोपे टाकून ऑक्टोबरमध्ये पुनर्लागवड करावी.

२. फुलोरा : कोवळ्या रोपांना बरेच दिवस कडाक्याची थंडी लागली तर गड्डा न बांधता दांडा निघतो आणि माल विक्रीयोग्य राहत नाही. उशिरा लागवड करायची असल्यास फुलोऱ्यास सहनशील संकरित वाण निवडावा.

३. लागवड : तीन ते चार आठवड्यांची, ४ ते ५ पानांची रोपे गादीवाफ्यावर साधारण ४५ × ४५ सेंमी अंतरावर लावावीत. खते माती परीक्षणानुसार द्यावीत.

४. पाणी : पाण्याची ओढ बसून एकदम भरपूर पाणी मिळाल्यास आतील पानांना कॅल्शियम कमी पडते व कडा करपतात. हे गड्डा चिरल्यावरच दिसते, त्यामुळे माल परत येतो. ठिबकने थोडे-थोडे व नियमित पाणी द्यावे. पाणी साचल्यास मऊ कूज होते.

५. कीड : चौकोनी ठिपक्यांचा पतंग व मावा या मुख्य किडी. कामगंध सापळे लावावेत व सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. रासायनिक औषध लेबलवरील शिफारशीप्रमाणेच वापरावे आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळावा.

६. काढणी : वाणानुसार पुनर्लागवडीनंतर साधारण ६० ते ७५ दिवसांत. गड्डा दाबून घट्ट लागला की सकाळी काढावा. बाहेरची दोन-तीन पाने संरक्षणासाठी ठेवावीत.

लागवडीआधी

चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याला आज भाव नसला तरी गिऱ्हाईक असते. चायनीज कोबीचे तसे नाही. तयार गड्डा शेतात फार दिवस थांबत नाही. म्हणून खरेदीदाराशी गड्ड्याचे वजन, आठवड्याची गरज, दर व नाकारलेल्या मालाचे काय करायचे हे आधी लेखी ठरवावे. पहिल्या वर्षी एक-दोन गुंठ्यांवर, दहा-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने लागवड करावी. एकदम एकरभर लावू नये. किमची तयार करून विकायची असल्यास अन्न सुरक्षा नोंदणी घ्यावी लागते. लागवडीच्या सल्ल्यासाठी नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.